डोक्यातल्या नांग्या

१२ ऑक्टोबर, रविवार

बियाणे कंपनीने दिलेली डायरी जानेवारीपासून कोरी पडली होती. आजपासून लिहितो. कारण राग. बोलून दाखवायची मला सवय नाही आणि न बोलता ज्या बाईला कळायचं, ती माझी उमा जुलैत गेली.

सकाळी मंजुश्री गच्चीवर कपडे वाळत घालताना तिच्या नांदेडच्या गाईड मॅडमशी फोनवर बोलत होती. मी टाकीतलं पाणी बघायला जिन्यात होतो. ऐकायला नव्हतो. ती म्हणाली, "मॅडम, अप्पा एकटे नाही राहू शकत."

लातुरात चाळीस वर्षं बी-खताचं दुकान चालवतो. एकटा राहू शकत नाही म्हणे.

खरं उलटं आहे. आई गेल्यापासून पोरगी खचली आहे. म्हणून मी तिला इथं ठेवून घेतलं. तिला एकटं सोडवत नाही मला. हे तिच्या लक्षात येत नाही आणि मी सांगणारही नाही.

मॅडमनी एक डिसेंबरपर्यंत मुदत दिली आहे. तोवर हजर झाली नाही तर पीएचडी गेली. चार वर्षं पाण्यात.

ठरवलं. त्याआधी सिद्ध करायचं की मला कोणाची गरज नाही. मग तिला जावंच लागेल.

मठाचे स्वामी सांगून गेले की आपल्या लिंगायतांत शोक करायचा नसतो, लिंगैक्य झालं म्हणजे माणूस शिवात मिळालं. मी शोक करतच नाही. मी शिवावर रागावलो आहे. ते वेगळं.

१३ ऑक्टोबर

जेवताना मंजूला विचारलं, तू नांदेडला नेमकं करतेस काय. घास हातात धरून बघत राहिली. म्हणाली, चार वर्षांत पहिल्यांदा विचारलंत. हे खोटं आहे. उमा विचारायची तेव्हा मी तिथंच बसलेलो असायचो.

तिने सांगितलं ते असं. मोठ्या वयातही मेंदूत नव्या पेशी जन्मतात. न्यूरॉन. सगळीकडे नाही. हिप्पोकॅम्पस म्हणून एक छोटी जागा आहे, आठवणींचं काम तिथं चालतं, तिथंच. नवी पेशी आधी कोरी असते. मग थोडी सरकते, तिला फांद्या फुटतात, त्या जुन्या पेशींना जाऊन जोडल्या जातात. पण बऱ्याचशा त्याआधीच मरतात. पहिल्या काही आठवड्यांत ज्यांना काम मिळतं त्या टिकतात. उंदराला अवघड काही शिकवलं की जास्त टिकतात, चाकात पळवलं की जास्त जन्मतात, सारखं त्रासात ठेवलं की कमी होतात. मंजू तेच मोजते.

मी म्हटलं, उगवण वेगळी आणि टिकाव वेगळा. हे मला चाळीस वर्षांपासून माहीत आहे, त्यासाठी उंदीर कशाला पळवायचे.

ती म्हणाली, माणसात अशा पेशी किती होतात यावर अजून वाद आहे. मी म्हटलं, वाद बियाण्याच्या कंपन्यांतही असतो, तरी पेरणी थांबत नाही.

योजना. रोज चालणे. अवघड असं एक नवं काम शिकणे. राग बंद. एक डिसेंबरपर्यंत डोक्यात नवं पीक उभं.

अवघड काम: ज्वारीची भाकरी.

१४ ऑक्टोबर

पहाटे लिंग तळहातावर घेऊन पूजेला बसलो. मन शांत ठेवायचं होतं. ठेवता ठेवता शेजाऱ्याच्या बोअरचा आवाज आला. पूजा लवकर आटोपली.

बागेत चाललो. क्लासची पोरं हातात झेरॉक्स धरून पुटपुटत अंगावर येतात. एकाला म्हटलं, पुढं बघ. तो म्हणाला, सॉरी अंकल, ब्रेनचा चॅप्टर चालू आहे. यांच्या डोक्यात उगवण शंभर टक्के, वाटेने चालायची अक्कल शून्य. राग आला. पण आतल्या आत आला, तो धरत नाही.

संध्याकाळी भाकरी. थापताना कडा फाटल्या. उचलताना दोन तुकडे. पिठाला विरीच नव्हती, चिकटपणा म्हणून नाही. गिरणीवाल्याला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, अप्पा, गरम पाणी घातलं का. फोन ठेवून दिला. लोकांना स्वतःची चूक मान्य करायला नको असते.

१८ ऑक्टोबर

औशाकडचे शेषेराव दुकानात आले. जुने गिऱ्हाईक. त्यांचा हरभरा ठिकठिकाणी उगवलाच नाही. सगळ्यांसमोर म्हणाले, "अप्पा, बी दिलं का फुटाणे दिले?"

मी रागावलो नाही. फक्त आवाज चढवला. भागवत म्हणतो की समोरच्या हॉटेलातले लोक उठून बघायला आले. भागवत माझ्या दुकानात वीस वर्षांपासून आहे, अर्धापूरकडचा, वाढवून सांगायची सवय.

शेषेरावांना म्हटलं, पेरणी खोल गेली तुमची, बी चांगलं आहे. मोकळ्या जागी आठ दिवसांत दुसरं बी टोचा. नांग्या भरा, रान सारखं दिसेल. उशीर केलात तर मोठ्या झाडांच्या सावलीत धाकटं दबून जाईल. बी माझ्याकडून फुकट घेऊन जा. घेऊन गेले, पण तोंड तसंच.

ते गेल्यावर डोक्यात लख्ख उजेड पडला. माझंही हेच आहे. उमा गेली ती जागा मोकळी पडली. एवढंच झालंय. नवी पेशी जन्मवायची, तिथं लावायची, नांगी भरली. लोक उगाच त्याला दुःख वगैरे म्हणतात.

फक्त उशीर चालणार नाही. जुलैपासून ऑक्टोबर, आधीच उशीर.

२१ ऑक्टोबर, लक्ष्मीपूजन

यंदा आपल्याकडे दिवाळी नाही. ज्या घरात मयत झाली तिथं फराळ करत नाहीत, म्हणून सगळं गाव आणून देतं. स्वयंपाकघरात डबेच डबे. सगळ्यांचा चिवडा. प्रत्येकीने डबा देताना मान एका बाजूला कलती केली. ती मान बघून राग येतो.

उदगीरहून मेहुणी आली, रेणुका. उमाची धाकटी बहीण. दारातच म्हणाली, "दाजी, किती वाळलात." मी म्हटलं, व्यायाम चालू आहे. मग स्वयंपाकघरात मंजूशी कानडीत कुजबुजत बसली. दोघी बहिणी आयुष्यभर माझ्यादेखत कानडीत बोलल्या. मला मुद्दाम शिकवली नाही. मीही मुद्दाम शिकलो नाही.

जाताना रेणुका म्हणाली, पोरीला मोकळी करा दाजी. मी म्हटलं, मीच तिला सांभाळून राहिलोय. तिने मान कलती केली.

आज राग चार वेळा आला. सणासुदीचे धरायचे नाहीत.

२९ ऑक्टोबर

भाकरी जमली. गोल नव्हे, पण एका तुकड्यात. मंजूने अख्खी खाल्ली, छान झाली म्हणाली. ती खोटं बोलत नाही.

उरलेली शेजाऱ्यांच्या म्हशीला घातली. तिने हुंगून तोंड फिरवलं. म्हशीला आजकाल पेंडीची सवय झाली आहे.

चालणं वाढवलं. झोपही बरी. डोकं ताजं वाटतं, उगवण सुरू झाली असावी. आत बघता येत नाही ही एकच अडचण. बी असतं तर ओल्या गोणपाटात गुंडाळून चार दिवसांत टक्केवारी काढून दाखवली असती. मंजूला विचारलं, माझ्यात किती टिकल्या हे कसं कळेल. ती म्हणाली, जिवंतपणी नीट मोजता येत नाही, उंदरांचा मेंदू कापून बघतो आम्ही.

वा. छान शास्त्र.

५ नोव्हेंबर

भयंकर राग. लिहिताना पेन कागदातून आरपार.

सहज बोलता बोलता मंजूने सांगितलं की अशा प्रयोगांत एक गोष्ट दिसली आहे. उंदराला एका पेटीची भीती बसवली. मग काही आठवडे चाकात भरपूर पळवलं. नव्या पेशी वाढल्या, त्या जुन्यांच्या जोडण्यांत घुसल्या, आणि उंदीर ती पेटी विसरला. सगळ्याच प्रयोगांत असं दिसत नाही म्हणे. पण दिसलं आहे.

हे आधी सांगायला नको? बियाण्याच्या पिशवीवर उगवणीचा टक्का छापावा लागतो, तारीख छापावी लागते, विष लावलेलं आहे खाऊ नये हेही छापावं लागतं. नाही छापलं तर इन्स्पेक्टर दुकानाला सील लावतो. आणि इथं माणसाला तीन आठवडे बागेत पळवल्यावर सांगतात की जुनं पुसलं जातं.

ताबडतोब तपासणी केली. उमा मला हाक काय मारायची ते आठवतं. "ऐकलं का." पण कोणत्या आवाजात? बसून राहिलो, येईना. शब्द येतात, आवाज येत नाही. मागच्या महिन्यात येत होता. मला खात्री आहे येत होता.

बागेतल्या चार फेऱ्यांत बाईचा आवाज गेला.

चालणं बंद. आजपासून. भाकरीही बंद.

९ नोव्हेंबर

दुकानात गल्ल्यावर बसून राहिलो. हललो नाही. नवं काही ऐकायचं नाही, नवं काही वाचायचं नाही. एका कंपनीचा माणूस नव्या वाणाची माहिती सांगायला आला, त्याला हाकललं. माझ्या डोक्यात जागा नाही म्हटलं.

भागवत म्हणाला, "मालक, काय करून राहिले तुम्ही? अंडी उबवायला बसले का?" गिऱ्हाईकं हसली. मी रागावलो. रागावलो हे बरंच झालं. रागाने नव्या पेशी कमी होतात, म्हणजे जुनं तेवढं राखलं जाईल. तेव्हा आता राग हा औषध म्हणून घ्यायचा. हे मला आधीच कसं सुचलं नाही.

आवाज अजून आलेला नाही.

१२ नोव्हेंबर

मंजूच्या मॅडमचा फोन. पोरीने पुन्हा तेच सांगितलं, बघते मॅडम, अप्पांचं काही ठरत नाही. माझं. माझं काय ठरायचंय.

जेवताना बोलायचं नाही असं ठरवून बसलो आणि बोललो. कधी नाही एवढं बोललो. म्हटलं, तू चार वर्षं उंदरांच्या डोक्यातल्या पेशी मोजल्यास. तुझ्या आईच्या डोक्यात रक्त साकळलं तेव्हा कुठं गेल्या त्या पेशी? पाच दिवस ती आयसीयूत होती. पाच दिवसांत हरभरा उगवतो. एवढी मोकळी जागा पडली होती तिच्या डोक्यात, एकही जाऊन लागली नाही?

मंजूने हातातला घास ताटात ठेवला. मग हळू म्हणाली, "त्या पेशी नांग्या भरायला येत नाहीत, अप्पा. त्या त्यांच्या जागीच उगवतात. जिथं मोडतं तिथं जात नाहीत. मी पाचही दिवस हाच विचार करत होते. मला तर माहीत होतं ना."

मी म्हटलं, मग उपयोग काय तुझ्या शिक्षणाचा.

ती ताट घेऊन उठली. सिंककडे तोंड करून उभी राहिली, नळ सोडून. भांडी एवढी नव्हती. कांद्याने डोळ्यांत पाणी आलं असावं. कांदा मात्र मी ताटात बघितला नाही.

१३ नोव्हेंबर

घरात कोणी बोलत नाही. आम्ही दोघंही मुळात कमी बोलणारे, त्यामुळे बाहेरच्याला फरक कळणार नाही. मला कळतो.

काल मी बोललो त्यात चुकीचं काही नव्हतं. फक्त जरा जास्त होतं. आणि तिला उद्देशून होतं.

संध्याकाळी भाकरी केली. पाणी उकळून घातलं. ही कल्पना माझीच. ताट वाढून तिच्या खोलीच्या दाराशी ठेवलं आणि खोकलो. थोड्या वेळाने ताट रिकामं बाहेर आलं. म्हणजे मिटलं.

१७ नोव्हेंबर

मंजूला स्पष्ट सांगितलं. दोन दिवस नांदेडला जा, मॅडमना भेट, मी इथं एकटा राहून दाखवतो. झाली परीक्षा तर झाली. ती तयार झाली. सकाळच्या एसटीने गेली.

चालणंही पुन्हा सुरू केलं आहे. बसून राहून आवाज आला नाही, तेव्हा गेलाच असेल तर चालून आणखी काय जाणार आहे.

१८ नोव्हेंबर, दुपार

सर्व सुरळीत.

सकाळी दूध उतू गेलं. थोडं. गॅस विझला आणि मला ते लगेच कळलं नाही. मग वासाने कळलं. खिडक्या उघडल्या. हवा खेळती झाली, तशी उघडायचीच होती.

वॉशिंग मशीनची बटणं कोणी ठरवली त्याला भेटायचं आहे. पांढरी धोतरं मंजूच्या ओढणीबरोबर फिरली. गुलाबी झाली आहेत. फिकट. उन्हात उडेल रंग.

भागवतने बायकोने दिलेला डबा आणला. त्याची सिंधू चांगली बाई आहे, पण मी डबा परत पाठवला. मला गरज नाही म्हटलं. भागवतने तो दुकानातच उघडला. त्याला वाईट वाटू नये म्हणून चार घास खाल्ले. पाच.

मंजूचा फोन आला. सांगितलं, सर्व सुरळीत. तुझी आठवणही आली नाही.

१८ नोव्हेंबर, संध्याकाळ

जेवण: दिवाळीचा चिवडा. मऊ पडला आहे. तरी पोट भरतं.

कपाटात उमाची साडी दिसली. जरीची नव्हे, रोजची. नेसायची तेव्हा पदराला हळद लागायची, ती तशीच आहे. धुतली नव्हती कोणी. कपाट बंद केलं. मग उघडलं. मग बंद केलं. कपाटाची कडी सैल आहे, त्यासाठी करावं लागतं.

२० नोव्हेंबर

मंजू परत आली. घर बघितलं, धोतरं बघितली. मी विचारलं, काय, जमलं की नाही मला? म्हणाली, जमलं. परीक्षा पास.

तिने ठरवलं आहे. एक तारखेला जाते. शेवटी मी जिंकलो. तिला वाटायचं मला सांभाळायला थांबावं लागेल. तिची सोय मीच लावून दिली, तिच्या नकळत.

दुपारी शेषेराव आले. टोचलेला हरभरा उगवलाय पण बारीक राहिलाय म्हणाले, मोठ्या झाडांखाली दबलाय. मी म्हटलं होतं उशीर करू नका. ते म्हणाले, उशीर केला नव्हता अप्पा, दुसऱ्याच दिवशी टोचलं. मी म्हटलं मग मला माहीत नाही. त्यांना चहा पाजला. भागवत माझ्याकडे बघतच राहिला, पण गिऱ्हाइकाला चहा मी नेहमीच पाजतो.

२९ नोव्हेंबर

मंजू बॅग भरते आहे. घरभर तिची वह्या-पुस्तकं. फ्रिजवर माझ्यासाठी चिठ्ठ्या चिकटवल्या आहेत. मी म्हटलं, मी काय लहान आहे? एक काढून टाकली. वॉशिंग मशीनची ठेवली.

आज भाकरी चांगली फुगली. माझ्या पेशी टिकल्या असणार. आठवडे भरले आहेत. बसस्थानकावर काय म्हणायचं तेही तयार केलं. दोन वाक्यं. माझी काळजी करू नकोस. मी आता पूर्ण तयार आहे. चालताना म्हणून पाठ केली. क्लासच्या एका पोराने मला रस्ता दिला. त्याला वाटलं माझाही पेपर आहे.

१ डिसेंबर, सोमवार

नांदेडची बस वेळेवर लागली. बॅग मीच वर टाकली. मंजू खिडकीत बसली. कंडक्टर दार लावायला आला. मी खिडकीखाली उभा राहिलो आणि तोंड उघडलं.

म्हणालो, "मला जमणार नाही, मंजू."

दोन्ही वाक्यं पाठ होती. हे तिसरं कुठून आलं माहीत नाही. मागच्या सीटवरच्या बाईने वळून बघितलं. मला वाटलं आता पोरगी उतरते. तिने उतरावं असंही वाटलं, आणि ते वाटल्याचा राग आला.

ती उतरली नाही. खिडकीतून हात बाहेर काढून माझ्या खांद्यावर ठेवला. म्हणाली, "माहीत आहे अप्पा. मी आले तेव्हाही गॅसचं बटण नीट बंद नव्हतं, वास येत होता."

मी म्हटलं, मग परीक्षा पास का म्हणालीस.

म्हणाली, "मलाही नाही जमणार तिकडं. त्या दोन दिवसांत मला लॅबमध्ये पाऊल टाकवत नव्हतं. पण जाते. तुम्ही रोज फोन करा. रागवायचं असलं तरी करा."

बस निघाली. कोपऱ्यावर वळेपर्यंत थांबलो. मग बस नसतानाही थांबलो. रिक्षावाल्याने विचारलं, अप्पा कुठं जायचं. मी म्हटलं, कुठं नाही.

दुकानात गेलो नाही. घरी आलो. कुलूप सकाळी मीच लावलं होतं, मीच उघडलं. आज दिवसभर रागवायचं असं येता येता ठरवलं होतं. पण घरात कोणी नव्हतं. शेवटी पंख्यावर ओरडलो, किती आवाज करतो म्हणून.

पंखा बंद होता.